ध धोट्याचा : आमच्या शाळेची भिंत आणि ती रंगवणारे पेंटरमामा

इचलकरंजीत नदीकडच्या अंगाला आमची महापालिकेची शाळा आहे. पहिली ते सातवी, पट १४८. माझी दोन्ही मुलं तिथंच शिकतात. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे आणि यंत्रमागाच्या कारखान्यात दिवसपाळीला कांडी (मागाला लागणारी सुताची नळी) भरायला जाते. २०२४ च्या मे-जूनमध्ये आम्ही शाळेची रस्त्याकडची भिंत एका बोर्ड पेंटरकडनं रंगवून घेतली. त्यावर आता दोन पावसाळे गेले. आजूबाजूच्या शाळांतले पालक येतात, फोटो काढतात आणि तेच तेच विचारतात. कुणाकडनं केलं, किती घेतले, रंग टिकला का, माणूस कामाला कसा आहे? म्हणून एकदाच सगळं बैजवार लिहून काढते.

आधीच सांगते, माझ्याकडनं पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येईलच.

सुरुवात काही चांगली झाली नव्हती. त्या वर्षी ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ ह्या सरकारी अभियानाची धामधूम होती आणि सगळ्या शाळांना बोलक्या भिंती हव्या होत्या. आमच्या मोठ्या बाईंनी बाहेरगावच्या एका रंगकाम कंपनीला बोलावलं. त्यांच्या माणसानं टॅबवर अल्बम दाखवला. पंधरावीस शाळांचे फोटो होते, पण शाळा एकच आहे असं वाटावं इतकं सारखं काम. वर्गाला रेल्वेचा डबा केलेला, दाराशी जिराफ, वर सूर्यमाला, कोपऱ्यात छोटा भीम. रेट १४० रुपये चौरस फूट. आमची भिंत ४२ फूट लांब आणि ९ फूट उंच, म्हणजे ३७८ चौरस फूट. हिशेब बावन्न हजारांच्या वर गेला. मी विचारलं, आमच्या भागातलं काही काढता येईल का? माग, नदी, घाट? तो म्हणाला, डिझाईन ठरलेली असतात, वेगळं हवं तर फुटाला वीस रुपये जादा. भिंतीला त्यानं हातसुद्धा लावला नाही. मापं घेतली आणि गेला.

मला ते लागलं. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं रेल्वेनंच इथं आलीत, उत्तर प्रदेशातनं, बिहारमधनं, ओडिशातनं. काही घरी कन्नड बोलतात. त्यांना रेल्वेचं चित्र कशाला दाखवायचं? आई-बाप बारा बारा तास जे करतात ते भिंतीवर असावं, एवढंच माझ्या मनात होतं. माझी लेक तेव्हा दुसरीत होती. पुस्तकातला ‘अ अननसाचा’ ती घडाघडा म्हणायची, पण अननस तिनं खाल्लेला नव्हता. आणि माझी कांडी ज्यात बसते, मागावर सूत घेऊन जो इकडनं तिकडं पळतो, तो धोटा कुठल्याच अंकलिपीत नव्हता.

पेंटरमामांचं नाव समितीतल्या एका मागमालकानं सुचवलं. त्यांच्या कारखान्याची पाटी मामांनीच वीस वर्षांपूर्वी लिहिलेली, अजून वाचता येते. मामा साठीच्या पुढचे. तरुणपणी कोल्हापुरात सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली होते. मग इथं येऊन दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या पाठी, तालमींचे मारुती, गणपती मंडळांचे पडदे रंगवले. फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम जवळजवळ थांबलंच. आमच्या जिल्ह्यात पेंटर हा शब्द मानाचा आहे. बाबूराव मेस्त्रींना सगळा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखतो, आणि पडदे रंगवणारा तो माणूस पुढं सिनेमा काढणारा झाला. मामा स्वतःची ओळख करून देताना हात जोडून ‘पेंटर’ एवढंच म्हणतात, आडनाव नंतर.

ते आले ते भिंत बघायला, आणि तासभर भिंतच बघत राहिले. खिशातनं रुपयाचं नाणं काढलं आणि एका टोकापासनं भिंतीवर टकटक करत निघाले. जिथं आवाज भरीव तिथनं पुढं, जिथं पोकळ तिथं खडूनं गोल. माझे यजमान जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करतात, मागाच्या आवाजावरनं बिघाड ओळखतात. ते त्या दिवशी माझ्याबरोबर होते. दोघं शेजारी शेजारी कान लावून चालले होते, एक नाणं वाजवतोय, दुसरा मान हलवतोय. अकरा गोल निघाले. मग मामांनी तळहात भिंतीवर घासून मला दाखवला, पांढराफटक. म्हणाले, “ताई, हा जुना डिस्टेंपर पीठ झालाय. ह्याच्यावर सोन्याचा रंग लावला तरी पिठाबरोबर खाली येणार.” शेवटी उकिडवे बसले आणि खालची तीन फूट भिंत नुसती बघितली. तिथं ओल होती, मिठासारखी पांढरी पूड फुटली होती. “इथवर पाणी आलं होतं का?” त्यांनी विचारलं. आलं होतं. त्याच्याही वर आलं होतं. “ही तीन फूट मला देऊ नका,” ते म्हणाले. त्यांचं हे वाक्य आम्ही ऐकायला हवं होतं.

पैशाचं आधी सांगून टाकते. मजुरी ६५ रुपये चौरस फूट, म्हणजे २४,५७०. रंग, प्रायमर, पुट्टी, ब्रश हे दुकानातनं आम्हीच आणायचं, पावती आमच्या नावावर. ते ११,३४० झालं. एकूण ३५,९१०. शिडी आणि परांचीचे बांबू एका स्लॅबवाल्यानं फुकट दिले. शाळेला मिळणाऱ्या अनुदानातनं लाईट बिल, खडू आणि दुरुस्त्याच कशाबशा होतात, त्यामुळं त्याला हात लावला नाही. ११२ घरांनी शंभर-शंभर दिले, बाईंनी आणि सरांनी मिळून आठ हजार, मागमालकांनी सतरा. उरलेल्या २९० रुपयांचे पोरांना ब्रश आणले. शंभर रुपये देणाऱ्यांत दोन घरं अशी होती की त्यांनी ते दोन हप्त्यांत दिले. त्या घरांची पोरं भिंतीवरचं आपलं चित्र बोट लावून दाखवतात.

आता कामाची पद्धत सांगते, कारण पैसे खरे तिथंच वसूल झाले.

मार्च-एप्रिलमधले तीन शनिवार मामा शाळा सुटायच्या आधी येऊन व्हरांड्यात बसले. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. पहिल्या शनिवारी पोरांना विचारलं, भिंतीवर काय काढू? सगळी एका सुरात ओरडली, डोरेमॉन, छोटा भीम, ताजमहाल. मामांनी सगळं लिहून घेतलं, कुणाला नाही म्हटलं नाही. दुसऱ्या शनिवारी प्रश्न बदलला. खाकी कागदाचा लांब रोल जमिनीवर पसरला आणि म्हणाले, शाळेतनं घरी जाताना वाटेत काय काय लागतं ते काढा. एकसष्ट पोरांनी काढलं. मी तो रोल बघितलाय, मोठ्या बाईंच्या कपाटात आहे. कुणी सायझिंगची (सुताला खळ लावायच्या कारखान्याची) चिमणी काढली, कुणी भडंगवाल्याचा गाडा, कुणी घाटावरची पिंपळाची पारंबी. (पिंपळाला पारंब्या नसतात, ती वडाची असणार, पण मामांनी खोडली नाही.) सगळ्यांत जास्त वेळा काय आलं असेल? पाण्याचा टँकर. त्याच्यामागं घागरींची रांग. नळाला किती दिवसांनी पाणी येतं हा आमच्याकडं रोजचा विषय, पण पोरांच्या डोक्यात तो इतका बसलाय हे मलाही तेव्हाच कळलं. तिसऱ्या शनिवारी आया आणि आज्ज्या आल्या. त्या आधी बोलेनात. मामांनी चहा मागवला आणि विचारलं, तुम्ही पहिल्यांदा इथं आला तेव्हा काय बघितलं? मग दुपारचे तीन वाजले तरी कुणी उठेना.

मग मामा आमच्या कारखान्यात आले. आवाज एवढा की बोलणं ऐकू येत नाही, तरी दोन तास उभे राहून चित्रं काढत होते. इथला पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आणला, म्हणजे सव्वाशे वर्षं होत आली. चार पिढ्या ह्या खटखटाटात वाढल्या. मामा इतकी वर्षं इथं राहिलेले, पण मागाला इतकं जवळनं कधी बघितलं नव्हतं, हे त्यांनीच सांगितलं.

ह्याचा खरा फायदा पुढं भिंतीवर दिसला. धोट्याचं चित्र भिंतीवर आलं त्या दिवशी पाळी सुटल्यावर आम्ही चौघीजणी बघायला गेलो. धोटा मोठा, हातभर लांब, दोन्ही टोकांना लोखंडाची टोपी, लाकडाची रेषन्‌रेष काढलेली. पण सूत त्यांनी धोट्याच्या मधनंच बाहेर आलेलं दाखवलं होतं. आमच्यातली सगळ्यांत म्हातारी मावशी म्हणाली, “पेंटर, असा धोटा चालला तर पहिल्याच फेऱ्याला सूत तुटंल.” मामा शिडीवरनं खाली उतरले. मावशीनं कमरेच्या पिशवीतनं कांडी काढली आणि बोटानं दाखवलं. सूत कांडीच्या निमुळत्या टोकाकडनं सुटतं, मग धोट्याच्या कडेच्या डोळ्यातनं बाहेर येतं. मामांनी ती कांडी हातात घेऊन दोनदा सूत ओढून बघितलं. मग ओल्या फडक्यानं तेवढा भाग पुसला, पुन्हा शिडीवर चढले आणि आमच्यासमोर दुरुस्त केलं. डोळ्याच्या जागी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला, चिनी मातीचा डोळा चमकतो तसा. त्यांनी दहा मिनिटांत मावशीचं ऐकलं. चाळीस वर्षं कांडी भरणाऱ्या त्या बाईला त्या आधी कुणी काही विचारलं असेल असं मला वाटत नाही.

भिंतीचा डावा भाग म्हणजे आमच्या भागाची मुळाक्षरं. क पासनं ज्ञ पर्यंत छत्तीस चौकोन, नऊची ओळ, चार ओळी. शब्द पोरांनी आणि आयांनी दिले, बाईंनी शुद्धलेखन तपासलं. क कांडीचा, ख खळीचा (सायझिंगला सुताला लावतात ती), घ घडीचा, ज जॉबरचा, झ झोळीचा, ट टँकरचा, ध धोट्याचा, न नदीचा, फ फणीचा, ब बीमचा (उभं सूत गुंडाळलेला रूळ), भ भडंगाचा, व वहिफणीचा (मागासाठी उभं सूत ओवायचं काम), ह होडीचा. झोळीवर बायका फार वेळ थांबतात. कांडीच्या खोलीत तान्ह्या बाळाची झोळी आढ्याला बांधलेली असायची आणि आई एका हातानं कांडी बदलत दुसऱ्या हातानं दोरी ओढायची. माझी स्वतःची दोन्ही पोरं अशीच वाढली.

ण आणि ळ आले तेव्हा सगळे अडले. ह्या अक्षरांनी शब्द सुरू होत नाही. अंकलिपीत ‘ण बाणाचा’ आणि ‘ळ बाळाचा’ असतो, तेच घ्या असं बाई म्हणत होत्या. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलानं, त्याचे वडील वहिफणीला जातात, विचारलं, ‘ताणा’मध्ये (मागावरचं उभं सूत) पण ण आहे की? आणि चौथीतली एक मुलगी म्हणाली, ‘नळ’. तिच्या घरची बोली भोजपुरी आहे, मराठी ती आमच्या शाळेत शिकली. तर आमच्या भिंतीवर ण ताण्यातला आहे आणि ळ नळातला, आणि त्या नळाखाली रिकामी घागर आहे. ङ आणि ञ ला कुणालाच शब्द सापडला नाही. मामांनी ते दोन चौकोन नुसत्या अक्षराचेच ठेवले, पण अक्षर असं वळणदार काढलंय की चित्राची उणीव वाटत नाही. त्यांचा हात मुळात अक्षराचा. पोरांची हस्ताक्षरं सुधारली असं बाई सांगतात. मी माझ्या लेकीपुरतं बोलते. तिचा ‘ळ’ आता भिंतीवरच्यासारखा निघतो.

उजवीकडं अठ्ठावीस फुटांचा सलग देखावा आहे. मागांची रांग, कापडाच्या घड्या घेऊन जाणारा गाडा, घाट, आणि नदी. नदीवरनं समितीत भांडण झालं, ते लपवत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या वर्गांत शिरलं होतं, २०२१ लाही आलं. पोरांच्या कागदांवर पूर होता, होडी होती, पत्र्यावर बसलेली माणसं होती. काही पालक म्हणाले, शाळेच्या भिंतीवर दुःख कशाला? एका दूधवाल्या दादांची दोन जनावरं त्या पुरात गेली होती. ते बैठकीत उठून म्हणाले, पूर काढू नका, मला रोज इथनंच जावं लागतं. त्यावर कुणाला बोलता येईना. मामा शांत बसून होते. दोन दिवसांनी ते दादांच्या गोठ्यावर गेले. काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण परत आले ते एक तोडगा घेऊन. पूर काढायचा नाही. नदी उन्हाळ्यातली काढायची, संथ, घाटावर धुणं वाळत घातलेलं. फक्त पाणी जिथवर आलं होतं तिथं भिंतीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत बोटभर जाडीची एक निळी रेघ ओढायची आणि कडेला ‘ऑगस्ट २०१९’ लिहायचं. आणि घाटावर दोन म्हशी उभ्या करायच्या. दादांनी म्हशींच्या शिंगांचा आकार स्वतः सांगितला, एकीचं शिंग डावीकडं जरा खाली वळलेलं. त्या म्हशी भिंतीवर आहेत. दादा रोज पहाटे तिथनं सायकल घेऊन जातात.

ती रेघ जमिनीपासनं चार फूट दोन इंचांवर आहे. पहिलीची पोरं तिच्याखाली पूर्ण मावतात. सातवीतली रेघेच्या वर निघाली की सांगत सुटतात.

आता कामाच्या बाजूचं सांगते, ज्यांना करून घ्यायचंय त्यांच्यासाठी. ७ मे ला लोकसभेचं मतदान होतं आणि शाळेत केंद्र होतं, त्यामुळं काम ८ तारखेला सुरू झालं. जुना रंग पत्र्यानं खरवडला, तारेच्या ब्रशनं घासला, पाण्यानं धुतला. खडूचे अकरा गोल फोडून नवा गिलावा केला. त्याला आठवडाभर पाणी मारलं आणि मग मामांनी हात थांबवले. नवा सिमेंटचा गिलावा नीट सुकल्याशिवाय रंग लावला तर त्यातला क्षार रंग खातो, असं ते म्हणाले, आणि जवळजवळ दोन आठवडे शिडीला हात लावला नाही. आम्ही घाई करत होतो, ते हलले नाहीत. त्यानंतर पुट्टी, क्षार सोसणारा प्रायमर, बाहेरच्या भिंतीचं पांढरं इमल्शन दोन हात. मग सुतळी निळीत बुडवून ताणून आपटली आणि चौकटी पाडल्या. छोट्या कागदावरचं चित्र त्या चौकटीत मोठं करत गेले. प्रोजेक्टर वगैरे काही नाही.

रंगांची निवड त्यांनी स्वतः केली आणि तिथं मला त्यांचं मोठेपण दिसलं. भिंत पश्चिमेला तोंड करून आहे, दुपारनंतरचं सगळं ऊन तिच्यावर. पोरांना भडक गुलाबी आणि जांभळा हवा होता. मामा म्हणाले, तो गुलाबी दोन उन्हाळ्यांत पांढरा होईल. त्यांनी गेरूसारखा तांबडा, मातकट पिवळा, काळा, निळा आणि हिरवट यांच्यावरच जास्त भर दिला, कारण मातीचे रंग उन्हाला दाद देत नाहीत. गुलाबी अगदी थोडा, एका पोरीच्या फ्रॉकला. आज दीड वर्षानंतर बघा, तांबडा आणि पिवळा जसाच्या तसा आहे, फ्रॉक फिकट पडलाय.

वीस दिवसांत करतो म्हणाले होते, अडतीस लागले. १४ जूनला संध्याकाळी शेवटचा हात फिरला, १५ ला शाळा भरली. गिलावा सुकायचे दिवस मी त्यांच्या बाजूनं धरते. पण बाकीच्या दिवसांत दोनदा ते न सांगता आलेच नाहीत. एकदा गावाकडं लग्न होतं, एकदा कुणाचं तरी मंदिराचं काम काढलं होतं. फोन उचलत नाहीत. पोरं शिडीपाशी बसून वाट बघायची. आधी एक निरोप पाठवला असता तरी चाललं असतं. आणखी एक अडचण, त्यांच्याकडं पक्कं बिल नाही, वहीच्या पानावर लिहून देतात. आमचा पैसा वर्गणीचा होता म्हणून निभावलं. सरकारी अनुदानातनं करायचं असेल तर कोटेशन आणि बिलाचा बंदोबस्त आधी करून ठेवा.

आता त्या खालच्या तीन फुटांचं. मामांनी नको म्हटलं होतं. आग्रह माझा होता, हे मी लिहिलंच पाहिजे. मला वाटलं, लहान पोरांची नजर तिथंच जाते, हात तिथंच पोहोचतात, तीच जागा कोरी कशी ठेवायची? समितीनं माझं ऐकलं, मामांनी नाइलाजानं तिथं गवत, बेडूक, पाण्यातले मासे काढले. फार सुंदर काढले होते. पहिल्या पावसाळ्यात भिंतीनं ओल धरली आणि गणपतीच्या सुमारास फोड आले. आत पांढरं मीठ, वर रंगाची पातळ साल, बोट लावलं की पापुद्रा हातात. एका माशाचं शेपूट पहिलीच्या मुलानं मोठ्या बाईंना नेऊन दिलं, त्याला वाटलं ओरडा बसेल. मला रात्री झोप लागली नाही. लोकांचे शंभर-शंभर रुपये होते ते.

मामांना निरोप धाडला. सणाचे दिवस, मंडळांची कामं. सहा आठवड्यांनी आले. माझा अर्धा मार्क ह्या सहा आठवड्यांचा आणि त्या न उचललेल्या फोनचा आहे. पण आले ते एक शब्द दोष न देता. ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणायचा त्यांना हक्क होता, त्यांनी म्हटलं नाही. खालची सगळी साल खरवडली, मीठ कोरड्या ब्रशनं झाडलं, पाणी लावू दिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीभर भिंत तशीच उघडी ठेवली. नंतर त्या तीन फुटांवर इमल्शन नाही, पुट्टी नाही, नुसता भिजवलेला चुना, आणि त्यात काव कालवून जुन्या घरांना असायचा तसा तांबडा पट्टा. चुना ओल कोंडून धरत नाही, भिंतीला श्वास घेऊ देतो, म्हणून फोड येत नाहीत. तो थोडा थोडा झडतो, पण दरवर्षी एक हात मारला की झालं. मजुरी घेतली नाही. चुना आणि काव मिळून चारशे रुपयांच्या आत.

आता तो पट्टा दर दिवाळीच्या सुट्टीनंतर सहावी-सातवीची पोरं स्वतः मारतात, हातमोजे घालून, कारण चुना हाताला चावतो. गेल्या नोव्हेंबरात दुसऱ्यांदा मारला. दुसऱ्या पावसाळ्यात एकही फोड आला नाही. वरच्या सहा फुटांत पहिल्यापासनं आजपर्यंत कुठं भेग नाही, फक्त पावसाच्या पाइपाजवळ हातभर शेवाळ धरलंय. ते पाइपाचं दुखणं आहे, रंगाचं नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिलीय. आमच्याकडं साधे माग भंगारात निघायला लागलेत. नव्या मागांना धोटाच नसतो, काही तर हवेनं सूत फेकतात. परवा एक नवी पालक बाई मुलीला शाळेत घालायला आली होती. तिचा नवरा तसल्याच नव्या कारखान्यात आहे. मुलीनं भिंतीवर बोट ठेवून विचारलं, ही होडी आहे का? आईलाही सांगता येईना. मी पिशवीतनं कांडी काढून दाखवली, मावशीनं मामांना दाखवली तशी. धोटा आता मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलाय, आमच्या यजमानांनी आणून दिला. कुणी विचारलं की पोर पळत जाऊन घेऊन येतं.

येत्या मे मध्ये मागची भिंत करायची ठरलीय, तीस फूट बाय आठ. मामांना पाच हजार उचल दिली आहे, ह्या वेळी तारखा कागदावर घेतल्यात आणि त्यांच्या मुलाचा नंबरही, तो फोन उचलतो. कुणाला काम द्यायचं असेल तर शाळेत येऊन मोठ्या बाईंना भेटा, त्या नंबर देतील. येताना आपल्या भिंतीचा भर पावसातला एक फोटो घेऊन या. मामा पहिला तोच मागतात, आणि ओल कुठवर चढते ते बोटानं दाखवून मगच पुढचं बोलतात.